तेरावा नियम

"चेंडू गोलात निघालाय. गोलकीपर आडवा पडलाय. आणि मधी कुत्रं आलं. चेंडू कुत्र्याला लागून बाहेर गेला. काय देणार?"

"ड्रॉप बॉल. पंचाने चेंडू हातातून जमिनीवर टाकायचा," मी म्हटलं.

"कुठं?"

"कुत्र्याला लागला तिथं."

"आणि कुत्रं गोल एरियात असलं तर?"

"तर गोल एरियाच्या पुढच्या रेषेवर. जवळात जवळ पडेल तिथं."

"का?"

"गोलच्या तोंडात ड्रॉप बॉल टाकला तर दहा-बाराजण एकमेकांच्या उरावर बसतील."

"पुस्तकात असं लिहिलेलं न्हाई," तात्या म्हणाले, "पण खरं तेच हाय."

तात्या इंगवले खूश झाले की हसत नसत, पुढचा प्रश्न टाकत. दिवसभर उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर उभा राहणारा हा माणूस कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये एकतीस वर्षं पंच होता. संध्याकाळी आपल्या पुढच्या खोलीत तो पंचांच्या परीक्षेला बसणाऱ्यांना शिकवायचा. फी नाही, फक्त चहा त्यांच्याकडचा प्यावा लागे, आणि तो फार गोड असे. उत्तर बरोबर आलं तर अर्धे मार्क, आणि 'का' सांगितलं तरच उरलेले अर्धे, हा त्यांचा हिशेब. पोपटासारखं पाठ करून आलेल्यांना ते दुसऱ्या दिवशी वाटेला लावत.

मी वैजयंती अतिग्रे. तेव्हा सव्वीस वर्षांची, एका शाळेत पी.टी.ची शिक्षिका. त्या वर्षी परीक्षेला बसणारी एकटीच बाई. बाई काय शिट्टी वाजवणार, असं म्हणून दात काढणारे गल्लोगल्ली होते. तात्यांनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं होतं, "पळता येतं न्हवं?" येतं म्हटल्यावर नियमांचं पुस्तक माझ्या हातात दिलं होतं. सहा महिन्यांत मी त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी झाले होते, आणि हे मला चांगलंच माहीत होतं. माझं सगळं घोडं तिथंच अडलं, असं आता वाटतं.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. परीक्षा दुसऱ्या दिवशी, रविवारी होती. सकाळी लेखी, दुपारी तोंडी. पुण्याहून लोबो नावाचे जुने पंच परीक्षक म्हणून येणार होते. बाकीचे चौघे प्रश्नोत्तरं संपवून घरी गेले होते आणि मी एकटी उरले होते. आम्ही दोघं कुत्रं, तुटलेलं जाळं, फुटलेला चेंडू असल्या गोष्टींवर बोलत होतो, कारण ज्या गोष्टीवर बोलायला हवं होतं ती दोघांनाही काढायची नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी हंगामाची फायनल झाली होती. चिंचेची तालीम विरुद्ध काळभैरव. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे, आणि तालीम पेठेची. फायनलच्या आठवड्यात दोन पेठांमधले मेव्हणे-मेव्हणे एकमेकांशी बोलत नाहीत. तात्यांचं घर चिंचेच्या तालमीच्याच पेठेत. तरी फायनलला पंच कोण, म्हटल्यावर काळभैरवच्या लोकांनीही तात्यांचंच नाव दिलं होतं. एकतीस वर्षांत 'चुकला' म्हणणारे पुष्कळ झाले, 'पेठेचा आहे' म्हणणारा एकही झाला नव्हता. तेवढीच त्यांची कमाई होती.

सामन्याला सात मिनिटं उरली असताना चिंचेची तालीम एका गोलने पुढे होती. त्यांच्या एका बचावपटूने समोरच्याच्या तोंडापर्यंत पाय उचलला. तात्यांनी शिट्टी मारली आणि काळभैरवला इनडायरेक्ट फ्री किक दिली. इनडायरेक्ट म्हणजे थेट मारलेला गोल धरत नाहीत, चेंडू आधी आणखी कुणाला तरी लागायला हवा. ते खेळाडूंना कळावं म्हणून पंचाने एक हात सरळ वर धरून ठेवायचा. हात वर असताना चेंडू थेट जाळ्यात गेला तर गोल नाही, उलट समोरच्या संघाला गोल किक. पण पंचाने हातच वर धरला नसेल, तर चूक पंचाची, आणि ती किक पुन्हा मारू द्यायची. नियम तेरावा.

काळभैरवच्या पोराने किक थेट मारली. कुणाला न लागता चेंडू जाळ्यात. अर्धं स्टेडियम नाचायला लागलं. तात्यांनी गोल किक दाखवली.

पुढची सात मिनिटं कशी पार पडली ते सांगत नाही. चिंचेच्या तालमीने कप उचलला, आणि दुसऱ्या दिवशी काळभैरवची लेखी तक्रार संघटनेकडे आली. पंचाने हात वर केलाच नव्हता, आपल्या पेठेसाठी गोल गिळला. स्टेडियममधले अर्धे लोक शपथेवर सांगत होते की हात वर होता. उरलेले अर्धे तितक्याच शपथेवर सांगत होते की नव्हता. तात्या एकच वाक्य बोलत होते, "हात वर होता." संघटनेचे सचिव बाळासाहेब सरनाईक यांनी तोडगा काढला होता, की रविवारी लोबो सर येणारच आहेत, तोंडी परीक्षा संपली की तेच तक्रार ऐकतील आणि निकाल देतील. म्हणजे माझी परीक्षा संपायची आणि तात्यांची सुरू व्हायची.

"बारावा झाला, चौदावा झाला," मी म्हटलं. "तेरावा आपण घेतलाच नाही, तात्या."

"तुला येतोय तो."

काकू आतून चहा घेऊन आल्या. तात्यांनी कप डाव्या हातात घेतला आणि बराच वेळ फुंकर घालत राहिले. मग कपात बघतच त्यांनी विचारलं, "तुझी फायनलची वही कुठं हाय?"

ही वही त्यांचीच शिस्त. त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक सामना गॅलरीत बसून बघायचा तो खेळाडूंकडे नाही, पंचाकडे. मिनिट कितवं, निर्णय काय, संकेत कसा, एका ओळीत लिहायचं. गोल झाला तरी मान वळवायची नाही. त्या फायनलला वीसेक हजार माणसं चेंडू बघत होती, आणि मी तात्यांचा हात बघत होते.

"शाळेत राहिली," मी म्हटलं. वही माझ्या पिशवीतच होती, मांडीला लागून.

"असू दे. तू बघितलीस न्हवं? हात वर होता न्हवं?"

"वर केलेला मी बघितला, तात्या."

"झालं मग," ते म्हणाले, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल झाल्यासारखे दिसले. "मला काय कुणाची साक्ष नको. पण रात्री पडल्यावर मनात येतं, एवढी माणसं न्हाई म्हणत्यात, आपलंच तर काय चुकलं नसंल?"

मी चहा संपवला. "येतो मी, तात्या," म्हणून उठले. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात.

मी खोटं बोलले नव्हते. फक्त अर्ध्यावर थांबले होते. वहीत लिहिलं होतं: ८३ मि. पाय वर. इनडायरेक्ट. हात वर. किकच्या आधी खाली.

म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक खरंच बोलत होते. तात्यांनी शिट्टीबरोबर उजवा हात वर केला होता. मग खेळाडूंची भिंत नीट दहा पावलांवर उभी करण्यात वेळ गेला, पोरं एकमेकांना ढकलत होती, तात्या ओरडत होते, आणि त्या गडबडीत हात हळूहळू खाली आला होता. किक मारली गेली तेव्हा तो मांडीजवळ लोंबत होता. नियम सांगतो की चेंडू दुसऱ्या कुणाला लागेपर्यंत किंवा खेळाबाहेर जाईपर्यंत हात वरच हवा. तेव्हा किक पुन्हा मारायला हवी होती.

हे मी तीन आठवडे कुणाजवळही बोलले नव्हते. आपण गप्प बसलो तर दोन शपथा एकमेकींना खातील, लोबो सर पुराव्याअभावी तक्रार फेटाळतील आणि तात्या मानाने निवृत्त होतील, असं मी ठरवून टाकलं होतं. बेत वाईट नव्हता. फक्त तो माझ्या तोंडावर अवलंबून होता.

रविवारी एका हायस्कूलच्या वर्गात परीक्षा झाली. लेखी मला सोपी गेली. तोंडीला लोबो सर टेबलामागे बसले होते. सत्तरीचे, काटकुळे, पांढरी पँट आणि चष्म्याला दोरी. बाजूला सरनाईक नोंदी घ्यायला बसलेले. सर्वांत मागच्या बाकावर तात्या. ही आमच्याकडची जुनी रीत होती, की आपल्या विद्यार्थ्याच्या तोंडीला शिकवणाऱ्याने मागे बसायचं, हाताची घडी घालून, चकार शब्द न काढता. म्हणजे पोराला धीर येतो आणि गुरुजींनाही कळतं आपण काय शिकवलंय.

"बसा, अतिग्रे," लोबो सर म्हणाले. "पेनल्टी मारताना गोलकीपर आधीच पुढे आला, आणि गोल झाला. काय कराल?"

"गोल देईन, सर."

"आणि गोल झाला नाही तर?"

"पुन्हा मारायला लावीन. चूक ज्याने केली त्याला तिचा फायदा होता कामा नये."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. चौघा पोरांनी आधी गोंधळ घातला असणार, कारण त्यांचा चेहरा एकदम फुलला. मग ते प्रश्नांमागून प्रश्न टाकत गेले आणि मी परतवत गेले. थ्रो-इन, ऑफसाइड, बदली खेळाडू. प्रत्येक उत्तराला मी 'का' जोडत होते, न विचारता. मला माझाच आवाज आवडायला लागला होता. मागे तात्या ऐकत आहेत, त्यांना अभिमान वाटत असेल, एवढंच डोक्यात होतं.

"नियम तेरावा," लोबो सर म्हणाले. "इनडायरेक्टचा संकेत?"

"एक हात सरळ डोक्यावर."

"केव्हापर्यंत?"

"किक मारली जाईपर्यंत, आणि चेंडू दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत किंवा खेळाबाहेर जाईपर्यंत."

"आधीच खाली आला, आणि चेंडू थेट गोलात गेला तर?"

"किक पुन्हा. संकेत मधेच बंद झाला म्हणजे दिलाच नाही असं धरायचं. मारणाऱ्याने बघितलं तेव्हा हात खाली असेल, तर त्याला ती डायरेक्ट वाटणार. पंचाच्या चुकीची शिक्षा खेळाडूला देता येत नाही."

"वा!" लोबो सर सरनाईकांकडे वळून म्हणाले, "मी पुण्यातसुद्धा हे उत्तर इतकं स्वच्छ ऐकलेलं नाही. असं घडताना कधी बघितलंय का हो तुम्ही? साधारणपणे हात वर असतो किंवा नसतो. मधे खाली येणं फार क्वचित."

इथे मी थांबायला हवं होतं. 'नाही सर' एवढे दोन शब्द. पण हुशार मुलीला प्रश्न विचारला की तिच्या तोंडून उत्तर बाहेर पडतं, तिचा त्यावर काबू नसतो. शिंक यावी तसं.

"हो सर. फायनलला. त्र्याऐंशीव्या मिनिटाला. शिट्टीबरोबर हात वर गेला होता, भिंत लावेपर्यंत खाली आला. माझ्या वहीत आहे."

वर्गातला पंखा कुरकुरत होता. सरनाईकांचं पेन हवेत थांबलं. लोबो सरांना फायनलमध्ये नेमकं काय झालं ते तेवढ्या बारकाईने माहीत नव्हतं, ते साध्या परीक्षकाच्या कुतूहलाने विचारत होते. आता त्यांच्याही लक्षात आलं आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वही दाखवा," ते म्हणाले.

मी दिली. ओळ वाचून ते वही सरनाईकांकडे सरकवणार, तोच मागून तात्यांचा आवाज आला. रीत मोडून ते उभे राहिले होते.

"खाली आलता?" त्यांनी मलाच विचारलं. लोबो सर नाहीत, सरनाईक नाहीत, खोलीत जणू आम्ही दोघंच होतो. "वैजू, हात खाली आलता?"

"हो, तात्या."

तोपर्यंत, खरं सांगते, मला वाटत होतं की ते मनातून जाणून असतील. एवढा गदारोळ झाल्यावर तरी हात आठवला असेलच. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर कळलं की त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. तीन आठवडे ते जे सांगत होते ते त्यांच्यापुरतं शंभर टक्के खरं होतं. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, कुणी परकं माणूस शेजारी येऊन बसल्यासारखं.

"ही म्हणती म्हंजे आलाच असंल," ते लोबो सरांना म्हणाले. "हिचा डोळा चुकत न्हाई. मीच तयार केलाय."

"मग तक्रारीत तथ्य आहे," लोबो सर हळूच म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "नियमाची चूक झाली. सामना पुन्हा घ्यावा लागेल. पण इंगवले, एकतीस वर्षांचा पंच हात खाली सोडत नाही. का आला खाली?"

"का म्हणजे काय, सर?" सरनाईक म्हणाले. "स्वतःची पेठ. सात मिनिटं राहिलेली. समजून घ्या की."

तात्यांचा चेहरा लाल झाला. लोबो सरांनी सरनाईकांना हातानेच गप्प केलं आणि माझ्याकडे वळले. "अतिग्रे, तुम्ही प्रत्येक उत्तराचं कारण सांगितलंत. याचं माहीत आहे का तुम्हांला काही?"

माहीत होतं. त्या खोलीत मला आणि तात्यांनाच माहीत होतं.

हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक पंचाच्या तंदुरुस्तीचा फॉर्म भरावा लागे. शारीरिक शिक्षणाची पदवी असलेली मी, म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. जानेवारीत मी तात्यांना मैदानावर पळवलं. पंचावन्नच्या माणसाने पोरांना मागे टाकलं. फॉर्मच्या शेवटी ओळ होती: दोन्ही हात खांद्याच्या वर, विनासायास. तात्यांनी हात वर केले आणि मला काहीतरी सांगत राहिले. मी दहापर्यंत मोजायच्या आत उजवा हात आपोआप खाली आला. तात्यांचं बोलणं चालूच, त्यांना पत्ताच नाही. मी हाताकडे बोट दाखवलं तेव्हा ते चपापले. लेथवर तीस वर्षं काढली, खांद्याला मुंग्या येतात, मग हात आपला राहत नाही, म्हणाले. एवढी फायनल होऊ दे वैजू, मग शिट्टी खुंटीला. मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि खाली सही ठोकली. गुरूचं मन मोडवलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

आता ते कारण सांगितलं असतं, तर 'पेठेचा' हा शब्द तिथल्या तिथे मेला असता. तात्यांची पंचगिरी तशीही संपलीच होती, पण नाव राहिलं असतं. फक्त त्याबरोबर माझा खोटा फॉर्म बाहेर आला असता आणि माझी परीक्षा रद्द झाली असती. कदाचित कायमचीच. माझी नोकरी जाणार नव्हती, घर जाणार नव्हतं. एक परीक्षा. तिच्यासाठी मी ते कारण गिळलं.

"नाही, सर," मी म्हटलं.

मी मागे वळून बघितलं नाही. लोबो सर तात्यांना म्हणाले, "इंगवले, तुम्ही सांगा. काही दुखणं, काही अडचण?"

मग मला वळावंच लागलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. लोबो सरांच्या पुढ्यात माझा मार्कांचा कागद पडला होता, त्याच्यावर त्यांची नजर होती. फॉर्मवर कुणाची सही आहे हे त्यांनाही माहीत होतं. ते का गप्प आहेत हे मला त्याच क्षणी कळलं, मी लहान मूल नव्हते. आणि कळूनही मी बसून राहिले.

"ध्यान राहिलं न्हाई, सर," तात्या म्हणाले.

सरनाईकांनी ते लिहून घेतलं.

सामना पंधरा दिवसांनी पुन्हा झाला आणि काळभैरवने दोन गोलांनी जिंकला. संघटनेने तात्यांचं नाव पंचांच्या यादीतून काढलं, कारण लिहिलं: पक्षपाताचा संशय. काळभैरवच्या पेठेत ते लबाड ठरले. त्यांच्या स्वतःच्या पेठेत तर लबाडी कबूल करून हातातला कप घालवणारा म्हणून दुपटीने वाईट ठरले. पानपट्टीवरचे लोक ते जाताना दिसले की एक हात सरळ वर धरून उभे राहायचे, तोंडाने काही बोलायचे नाहीत. मीही ते बघितलं आणि कुणाला काही म्हटलं नाही. तात्या कामावर जायला मागच्या बोळाने सायकल काढू लागले. त्यांच्याकडे शिकायला कोणी येईना. दिवाळीनंतर ते आणि काकू मिरजेला लेकीकडे राहायला गेले, आणि सातव्या वर्षी तिथेच वारले. मला तीन दिवसांनी कळलं. ते गेले तो रविवार होता आणि मी सांगलीत सामना खेळवत होते, मिरजेपासून दहा किलोमीटरवर.

मी एकोणीस वर्षं शिट्टी वाजवली. आमच्या भागातली पहिली बाई पंच म्हणून पेपरात दोनदा फोटो आला. फॉर्मची गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. सांगून आता कुणाचं काय भलं व्हायचं? ज्याचं व्हायचं तो गेला.

पण हे सगळं नंतरचं. परीक्षेच्या त्या रविवारी चार वाजता निकाल फळ्यावर लागला आणि पोरांनी माझ्याभोवती गर्दी केली. मी कशीबशी सुटले. शाळेच्या मागच्या फाटकाने सटकावं म्हणून गेले, तर तिथे तात्या सायकल घेऊन उभे. तेही पुढच्या फाटकाची माणसं टाळूनच आले असणार. आता पळायला जागा नव्हती. ते शिव्या देतील, थोबाडीत मारतील, काहीही करतील तर बरं, असं मला वाटत होतं.

"किती पडले?" त्यांनी विचारलं.

"तात्या, मी..."

"किती पडले, विचारतोय."

"अठ्ठ्याण्णव."

त्यांनी मान हलवली. मग नेहमीच्या, पुढच्या खोलीतल्या आवाजात म्हणाले, "दोन कुठं गेले?"

ते थांबून राहिले, उत्तर आल्याशिवाय जाणार नव्हते.

"लेखीत," मी म्हटलं. "कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी. मी एक मीटर लिहिलं."

"दीड. कमीत कमी दीड मीटर, आणि वरचं टोक बोथट. बुटकी असली तर पडलेल्या पोराच्या पोटात घुसती." त्यांनी सायकलचं स्टँड पायाने काढलं. "सोपं होतं की गं. शंभर पडायला पाहिजे होते तुला."

एवढं बोलून ते सायकल हातात धरून चालत निघाले. रस्ता रिकामा होता आणि ते फार सावकाश चालत होते. मी चार पावलांत त्यांना गाठू शकले असते. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी फाटकातच उभी राहिले, आणि मग आईला निकाल सांगायला घरी गेले.